पाणी आलं कुठून?

धाराशिव जिल्ह्यात विमा म्हटलं की डोळ्यांपुढे सोयाबीन येतं. २०२०च्या खरिपात अतिवृष्टीनंतर ७२ तासांत कळवलं नाही, या कारणावरून इथल्या लाखो शेतकऱ्यांची भरपाई अडली. ते प्रकरण औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, हे पारावर बसणाऱ्यांनाही तोंडपाठ आहे. घराचा विमा मात्र मुद्दाम कोण काढतंय? आमच्याकडे तो गृहकर्जाच्या कागदांसोबत आला होता.

सप्टेंबर २०२५मध्ये सीना नदी फुगली. परंडा-भूमकडच्या गावांतून माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली, तेव्हा आमच्या घरात मांडीभर पाणी होतं. ओसरल्यावर मागे राहिला तो गाळ, फुगलेली दारं आणि कणगीतल्या ज्वारीचा आंबूस वास.

पंचनाम्याला तलाठी आले, त्यांनी काय काय गेलं ते विचारलं. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याचा पहिला प्रश्न होता, “पाणी आलं कुठून?” सगळा क्लेम या प्रश्नावर फिरतो. नदीचं पाणी घरात शिरलं किंवा टाकी-नळ फुटला, तर विम्यात बसतं. वर्षानुवर्षं झिरपून भिंतीला आलेली ओल बसत नाही. आमच्या मागच्या खोलीचे पोपडे बघून त्याने सरळ लिहिलं, “जुनी ओल.” खोली तीस वर्षांची आहे, पोपडे आधीही थोडेफार असतील, नाही म्हणत नाही. पण चिखलाची रेघ सगळ्या खोल्यांत एकाच उंचीवर होती आणि ओल अशी फूटपट्टी लावून चढत नाही.

ती रेघ वाचली, कारण पोराने घर धुण्याआधी प्रत्येक भिंतीशी टेप धरून फोटो काढले होते. साथीच्या भीतीने सगळं गाव धुवायच्या मागे असतं आणि ते बरोबरच आहे. धुवा, पण आधी फोटो काढा. दारातून आत चालत जाताना व्हिडिओ घ्या, फ्रिज, मोटर, वॉशिंग मशीनवरचे क्रमांक टिपा. गाद्या कुजायला लागतात, त्या सर्व्हेअर येईपर्यंत ठेवणं शक्य नसतं. आमच्या हिने प्रत्येक गादीचा कोपरा कापून पिशवीत भरून ठेवला. सर्व्हेअर हसला, पण गाद्या मोजल्या. भंगारवाला मात्र पाहणी होईस्तोवर दारात येऊ देऊ नका.

सोबत दोन कागद जोडा. एक पंचनाम्याची प्रत. दुसरा, तुमच्या महसूल मंडळात त्या दिवशी किती मिलिमीटर पाऊस झाला त्याची नोंद, तहसीलमध्ये अर्ज देऊन मागायची. पीक विम्यामुळे हे आकडे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतात, घरासाठी वापरायचं मात्र सुचत नाही. सरकारी मदत मिळणार म्हणून क्लेम सोडू नका. पक्क्या घराच्या अंशतः पडझडीला आपत्ती निधीच्या निकषांत ६,५०० रुपये आहेत, तेवढ्यात एका भिंतीचं प्लास्टरसुद्धा होत नाही.

नुकसान कळवलं की त्याचा क्रमांक लेखी घ्या. विमा नियामकाच्या २०२४च्या नियमांप्रमाणे कंपनीने २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय. पूर आल्यावर हे वेळापत्रक कुठं वाहून जातं देव जाणे, पण पत्रात नियम लिहिला की उत्तर येतं. केवळ कागद कमी म्हणून क्लेम नाकारता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. ती हातात आली म्हणून आम्हाला “जुनी ओल” दिसली, फोटो जोडून हरकत घेता आली आणि ती खोली हिशेबात आली. कपात केली असेल तर कुठल्या कलमाखाली, ते लेखी विचारा. महिनाभरात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. मुदत एक वर्षाची.

आता ज्यांच्या घरात अजून पाणी शिरलेलं नाही त्यांच्यासाठी. कर्जासोबतचा विमा नेमका कशाचा ते उघडून वाचा. पुष्कळदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, घराचा नसतोच. घराचा हवा तर १ एप्रिल २०२१पासून ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक मसुद्याची पॉलिसी मिळते, तिच्यात पूर येतो. इमारतीसोबत सामानही घेतलं, तर वेगळी यादी न देता इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत सामान धरलं जातं. विमा बांधकामाच्या खर्चाचा काढायचा, जागेच्या बाजारभावाचा नाही. आणि घर माळवदाचं असेल तर अर्जात माळवदच लिहा. एजंट ‘स्लॅब’ लिहून मोकळा होतो, पाहणीच्या वेळी तो तिथे नसतो.

पॉलिसीवर बँकेचं नाव आहे का तेही बघा. आमच्या पॉलिसीवर होतं, त्यामुळे मंजूर रक्कम थेट कर्जखात्यात गेली आणि गवंडी, सुताराची मजुरी उसनवारीवर भागवावी लागली. दुरुस्तीसाठी पैसे बचत खात्यात सोडायला बँकेची लेखी संमती लागते. त्या संमतीसाठीचा अर्ज क्लेमच्याच दिवशी द्या.