तांबडा आणि हिरवा : शुभेच्छापत्राचा एक धडा

नाताळचा सण जवळ आला म्हणजे चित्रकलेच्या वर्गांत एक निराळाच उत्साह संचारतो. जाड कागद, डिंकाच्या बाटल्या, रंगांच्या पेट्या व पाण्याच्या वाट्या यांनीं बांकें भरून जातात, आणि जो तो आपल्या आईबापांस, आजीस किंवा दूर गांवीं असलेल्या बहिणीस पाठविण्याकरितां शुभेच्छापत्र तयार करण्यांत गढून जातो. बाजारांत छापील पत्रें हवीं तितकीं मिळतात. तथापि स्वहस्तें केलेल्या पत्राबरोबर पाठविणाराचे श्रम व प्रेम हीं दोन्ही जात असल्यामुळें त्याची सर छापील पत्रास येत नाहीं. परंतु दरवर्षीं आमच्या पाहण्यांत असें येतें कीं, यांपैकीं पुष्कळशीं पत्रें एकाच ठिकाणीं फसतात. तें ठिकाण म्हणजे तांबडा व हिरवा या दोन रंगांची जोडी. ही जोडी दिसण्यांत सोपी, पण हातीं घेतली असतां मोठी अवघड आहे. तिनें विद्यार्थ्यांसच नव्हे, तर आम्हांसही एक धडा शिकविला आहे. तोच आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

नाताळचें पहिलें छापील शुभेच्छापत्र इ. स. १८४३ सालीं लंडन शहरीं निघालें. हेन्री कोल या गृहस्थांनीं जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून तें काढवून घेतलें. त्याच्या सुमारें एक हजार प्रती छापून त्यांवर हातानें रंग भरण्यांत आले, आणि प्रत्येकीची किंमत एक शिलिंग ठेवण्यांत आली. पत्राच्या मध्यभागीं मेजाभोंवतीं बसलेलें एक सुखी कुटुंब असून, एका बाजूस भुकेल्यास अन्न व दुसऱ्या बाजूस उघड्यास वस्त्र दिल्याचीं चित्रें आहेत. आपल्या आनंदांतून कोणी वगळला जाऊं नये, हा भाव अगदीं पहिल्याच पत्रांत होता, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें आम्हांस त्याचें काम पडणार आहे.

तांबड्या-हिरव्याची जोडी नाताळास कोठून चिकटली? त्या थंड देशांत हिवाळ्यांत बहुतेक झाडें निष्पर्ण होतात; पण हॉली नांवाचें झुडूप हिरवेंगार राहून त्यावर तांबड्या फळांचे घोस लटकतात. या पानाफळांनीं घरें व उपासनामंदिरें सजविण्याची चाल तिकडे फार जुनी आहे. आपल्याकडे हॉली नाहीं. तिच्या जागीं डिसेंबरांत पुष्कळ आवारांत फुलणारी पॉइन्सेटिया आहे. ही मूळची मेक्सिको देशाची. रात्री मोठ्या होऊं लागल्या म्हणजे ती रंगावर येते. तिचें जें तांबडें फूल आपण म्हणतों तें वस्तुतः फूल नसून तीं रंगलेलीं पानेंच होत. खरीं फुलें मध्यभागीं पिवळसर व अगदीं बारीक असतात. आमच्या विद्यार्थ्यांच्या पत्रांवर बहुधा हीच असते.

आतां अडचण कोणती तें पाहूं. तांबड्या कागदाचा रुपयाएवढा तुकडा कापून पांढऱ्या कागदावर ठेवावा, आणि त्याकडे अर्धा मिनिट एकटक पाहावें. नंतर तो तुकडा एकदम उचलून त्याच जागीं पाहत राहावें. तेथें एक हिरवट निळा डाग तरंगतांना दिसेल. तांबडा पाहून थकलेला डोळा आपण होऊन त्याचा विरुद्ध रंग उत्पन्न करितो. म्हणून तांबड्याशेजारीं हिरवा ठेवला म्हणजे दोघेही एकमेकांस अधिक भडक करितात. ही गोष्ट शास्त्रीय रीतीनें मांडण्याचें श्रेय मिशेल यूजेन शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञास आहे. पॅरिस येथील गोबलँ या प्रसिद्ध विणकामाच्या कारखान्यांत ते १८२४ सालापासून रंगखात्याचे प्रमुख होते. तेथील काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली असतां त्यांनीं शोध केला, तेव्हां दोष रंगांत नसून त्याच्या शेजाऱ्यांत आहे असें त्यांस आढळलें. या शोधावरील त्यांचा ग्रंथ १८३९ सालीं प्रसिद्ध झाला.

यावर कोणी म्हणेल कीं, रंग भडक झाले तर चांगलेंच झालें! पण तसें नाहीं. दोन्ही रंग सारखेच उजळ अथवा सारखेच गडद असतील, तर त्यांच्या मधली कड डोळ्यास स्थिर दिसत नाहीं. ती थरथरल्यासारखी होते. कारण वस्तूची कड ओळखण्यास डोळा मुख्यत्वें उजेड व अंधार यांतील फरकाचा आधार घेतो, रंगाचा थोडाच. शिवाय हे दोन ओले रंग एकमेकांस लागले कीं दोघेही मरून मळकट तपकिरी चिखल होतो. विद्यार्थ्यांचीं निम्मीं पत्रें याच चिखलांत रुततात.

येथवर जें सांगितलें तें आम्ही पूर्वींही वर्गांत शिकवीत होतों. पण यापुढील गोष्ट आम्हांस एका विद्यार्थ्यानें शिकविली. सुमारें पंधरा वर्षांपूर्वींची हकीकत आहे. आठवीच्या वर्गांत एक शांत मुलगा होता. त्यानें आपल्या आईकरितां पॉइन्सेटियाचें पत्र केलें. रेखाटन उत्तम होतें. पण पानें विटकरी तांबडीं व फूल हिरवट तपकिरी रंगविलें होतें. ‘रंगाकडे लक्ष नसेल तर वर्गांत येतोस कशाला?’ असें आम्ही सर्वांदेखत म्हणालों, आणि तें पत्र वर धरून मुलांस दाखविलें. वर्ग हंसला. मुलानें कांहीं उत्तर केलें नाहीं. पत्र घडी करून दप्तरांत घातलें, आणि पुन्हां वर्षभर रंगास हात लावला नाहीं.

पुढें तो रेल्वेच्या इंजिनावर काम मिळावें म्हणून परीक्षेस बसला. लेखी परीक्षेंत उतरला, पण डोळ्यांच्या तपासणींत नापास झाला. तांबड्या व हिरव्या दिव्यांतील भेद त्यास कळत नव्हता. पुढें एके दिवशीं तो आम्हांस भेटावयास आला. त्याला हिशेबखात्यांत चांगली नोकरी लागली होती. बोलतां बोलतां तो म्हणाला, ‘सर, त्या दिवशीं मला दोन्ही रंग एकच दिसत होते. सर्वांनाच तसें दिसतें असें मी समजत होतों. म्हणून काय सांगावें तें मला कळलें नाहीं.’ आम्हीं विचारलें, ‘तें पत्र आईला दिलेंस काय?’ तो म्हणाला, ‘नाहीं सर. तुम्हीं तें चुकलें म्हणून सांगितलें होतें ना!’ त्याच्या स्वरांत तक्रार नव्हती. म्हणूनच तें वाक्य आम्हांस अधिक लागलें. आम्हीं त्याची क्षमा मागितली. परंतु त्या माउलीचें तें पत्र मात्र तिला मिळालें नाहीं तें नाहींच.

या दृष्टिदोषावर जॉन डाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १७९४ सालीं मँचेस्टर येथें निबंध वाचला. अणुसिद्धांताकरितां आपण ज्यांचें नांव पाठ करितों तेच हे डाल्टन. व्यवसायानें तेही शिक्षकच. एक गुलाबी जिरेनियमचें फूल दिवसा त्यांस आकाशी दिसे, तेंच मेणबत्तीच्या उजेडांत तांबडें दिसलें. मित्रांस विचारतां कोणासही असा फरक दिसेना. दिसला तो फक्त त्यांच्या सख्ख्या भावास. तेव्हां, आपली दृष्टि इतरांहून भिन्न आहे हें त्यांस समजलें. लॉरेलचें हिरवें पान व लाखेची तांबडी कांडी हीं त्यांस एकमेकांशीं जुळणारीं वाटत. आपल्या डोळ्यांतील द्रव निळा असावा असा त्यांचा तर्क होता, व मरणोत्तर आपले डोळे तपासावे अशी त्यांची इच्छा होती. १८४४ सालीं त्यांच्या निधनानंतर तपासणी झाली. द्रव स्वच्छ निघाला. डोळ्यांचे अवशेष जपून ठेवलेले होते. त्यांवरून १९९५ सालीं आनुवंशिक द्रव्याची परीक्षा झाली, तेव्हां हिरवा प्रकाश विशेषेंकरून टिपणारें रंगद्रव्य त्यांच्या डोळ्यांत मुळींच नव्हतें असें ठरलें. दीडशें वर्षांनीं का होईना, उत्तर मिळालें.

युरोपीय वंशाच्या पुरुषांत हा दोष कमीअधिक प्रमाणांत शंभरांत सुमारें ८ जणांस असतो, स्त्रियांत दोनशांत एखादीस. आपल्या देशांत प्रमाण यापेक्षां कमी आहे. तरीही मुलांच्या मोठ्या वर्गांत एखादा तरी असण्याचा संभव पुष्कळ. मग आपलें शुभेच्छापत्र ज्याच्या हातीं पडेल तो त्यांतलाच एक नसेल कशावरून? म्हणून आम्हीं आतां आमची कृतीच बदलली आहे. ती अशी :

प्रथम कागद. १० इंच लांब व ७ इंच रुंद असा जाड पांढरा कागद घ्यावा. तो दोन्ही दिशांनीं हलकेच वाकवून पाहावा; ज्या दिशेनें तो सहज वाकतो त्या दिशेनें घडी स्वच्छ पडते. घडीच्या रेषेवरून पट्टीच्या आधारें चमच्याची दांडी दाबून ओढावी, व मगच कागद दुमडावा. ५ इंच रुंद व ७ इंच उंच असें पत्र तयार होईल.

दुसरें रेखाटन. फुलाचीं पानें टोंकदार व शिरांनीं भरलेलीं, आणि हिरवीं पानें रुंद व शिरांवांचून काढावीं. म्हणजे रंग न कळला तरी आकारावरून दोहोंतील भेद कळतो.

तिसरें रंग. येथेंच खरी मेख आहे. सर्वसाधारण चाल म्हणजे गडद हिरव्यावर भडक तांबडा. आम्ही याच्या उलट सांगतों : हिरवा उजळ व तांबडा गडद ठेवावा. कित्येक दृष्टिदोषी मनुष्यांस तांबडा मुळांतच काळसर दिसतो. तो गडद हिरव्यांत साफ बुडून जातो. निर्दोष डोळ्यासही संध्याकाळीं असेंच होतें. दिवस मावळतांना पॉइन्सेटियाजवळ उभे राहून पाहावें. तांबडीं पानें आधीं काळीं पडतात, हिरवीं मागाहून. हिरव्यांत पिवळा व पुष्कळ पाणी मिसळून तो कोवळ्या केळीच्या पानासारखा करावा, आणि त्याचा भडकपणा जावा म्हणून कुंचल्याच्या टोंकानें तांबड्याचा एक ठिपका त्यांत सोडावा. तसाच तांबड्यांत हिरव्याचा एक ठिपका सोडून तो डाळिंबाच्या दाण्याहून गडद करावा. एकमेकांचा अंश एकमेकांत गेल्यामुळें हे दोन वैरी रंग शेजाऱ्यांसारखे नांदूं लागतात. मात्र ठिपका म्हणजे ठिपकाच; अधिक झाला कीं चिखल.

चौथें अंतर. आधीं हिरवा भरून तो पुरता वाळूं द्यावा. त्यानंतर तांबडा भरतांना दोहोंमध्यें कागदाची कोरी पांढरी रेघ गव्हाच्या काडीइतकी सोडावी. कलिंगड कापून पाहा : हिरवी साल व तांबडा गर यांच्या मध्यें पांढरा पट्टा असतो, म्हणून तें डोळ्यास गोड दिसतें. पैठणींतही हिरव्या-तांबड्याच्या मध्यें जर हेंच काम करिते. तसेंच दोन्ही रंगांस सारखी जागा देऊं नये. पोपटाचें अंग हिरवें व चोंच तेवढी तांबडी, म्हणूनच ती खुलते.

पांचवें अक्षर. शुभेच्छेचीं अक्षरें पांढऱ्या जागेवर काळ्या शाईनें लिहावीं. हिरव्यावर तांबडीं अक्षरें कधींही काढूं नयेत.

शेवटीं परीक्षा. पत्र हातभर दूर धरून डोळे अर्धे मिटून पाहावें, किंवा त्याचें कृष्णधवल छायाचित्र घ्यावें. रंग नाहींसे झाले तरी फूल हें फूल व पान हें पान म्हणून ओळखूं आलें, तर पत्र साधलें. न आलें, तर कितीही सुरेख दिसत असलें तरी दोहोंतील एक रंग बदलावा.

पालकांस एक विनंती. आपलें मूल झाडाचें खोड हिरवें व पानें तपकिरी रंगवीत असेल, किंवा पानांतलीं पिकलीं तांबडीं फळें त्यास चटकन सांपडत नसतील, तर त्यास हंसूं नये व रागें भरूं नये. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावें. जपानी नेत्रवैद्य शिनोबु इशिहारा यांनीं १९१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ठिपक्यांच्या चित्रांवरून ही तपासणी थोडक्या वेळांत होते. हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो, पण आईस स्वतःस सर्व रंग स्वच्छ दिसत असतात. त्यांत कोणाचाही अपराध नाहीं. त्यावर औषध नसलें तरी, आगगाडीचा चालक होण्यासारख्या कांहीं थोड्या धंद्यांचीं द्वारें बंद आहेत हें वेळींच कळलेलें बरें; म्हणजे ऐन उमेदींत निराशा पदरीं पडत नाहीं. बाकी सर्व मार्ग मोकळेच आहेत, याला साक्षी डाल्टन.

आणि विद्यार्थ्यांनो, आपल्या शेजाऱ्याचें चित्र आपल्याहून वेगळें दिसलें, तर हंसण्यापूर्वीं त्यास एक प्रश्न विचारावा : ‘तुला हें कसें दिसतें?’ हा प्रश्न आम्हीं त्या दिवशीं विचारला असता, तर एका आईस नाताळचें पत्र मिळालें असतें. आतां दरवर्षीं वर्गांत रंगाच्या पेट्या उघडण्यापूर्वीं आम्ही तो प्रत्येकास विचारतों, आणि मगच धड्यास आरंभ करितों.