झिजलेली बोटं घेऊन आधार केंद्रात

बनारसमध्ये अमृतराव घाटाच्या वरच्या गल्ल्यांत राहणाऱ्या मराठी घरांतल्या आजी-आजोबांची तक्रार ठरलेली: यंत्र बोट ओळखत नाही. रेशनच्या दुकानात, बँकेत, नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याला, सगळीकडे तेच. वयाने कातडी कोरडी पडते, रेषा सपाट होतात. त्यात आयुष्यभर सहाणेवर चंदन उगाळलेलं, राखेने पितळी भांडी घासलेली. आधारमधले ठसे नव्याने नोंदवून घेणं हा त्यावरचा पहिला उपाय.

आधी एक गैरसमज काढून टाका. ठसे द्यायला बोलावलं म्हणजे नागरिकत्व तपासतात, असं घरातल्या म्हाताऱ्यांना वाटतं आणि ती हबकतात. आधार रहिवाशाला मिळतं. ते नागरिकत्वाचा पुरावा नाही, असं आधार कायद्याच्या नवव्या कलमातच लिहिलं आहे. अमेरिकेत नागरिकत्वाचा अर्ज करणाऱ्याला ठसे द्यावे लागतात ते वेगळ्या कारणाने. तिथे ते एफबीआयकडे जातात, जुना गुन्हा आहे का ते पाहायला. दोनदा देऊनही ठसे वाचता आले नाहीत तर पोलिसांचे दाखले आणायला सांगतात. आपल्याकडे असलं काही नाही.

वेळ यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून आधीच घ्या आणि शक्यतो सकाळची घ्या. निघायच्या आदल्या रात्री बोटांना ग्लिसरीन किंवा खोबरेल चोळा, सकाळी साबणाने स्वच्छ धुऊन टाका. तेलकट बोट यंत्राला कोरड्या बोटाइतकंच नकोसं असतं. बोटाला जखम, चिरा किंवा पट्टी असेल, किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं असेल, तर बरं होईपर्यंत थांबा. बनारसच्या थंडीत कातडी फार फुटते. हे काम होळीनंतर काढलेलं बरं.

बरोबर आधार कार्ड, चालू मोबाइल आणि एक ओला रुमाल हवा. पत्ता महाराष्ट्रातलाच राहिला असेल आणि तोही आता बदलायचा असेल, तर नव्या पत्त्याचा मूळ पुरावाही घ्या. घाटाकडून बंगाली टोल्याची गल्ली ओलांडून मदनपुऱ्याच्या रस्त्यावर आलात की ई-रिक्षा मिळते. तेवढंही चालवत नसेल, तर घरी येऊन नोंदणी करण्याची सेवा आहे. शुल्क मात्र बरंच जास्त.

केंद्रात टोकन, अर्ज, मग खुर्ची. १ ऑक्टोबर २०२५ पासून बायोमेट्रिक बदलाला १२५ रुपये पडतात. जास्त मागितले तर पावती मागा. काचेवर आधी एका हाताची चार बोटं, मग दुसऱ्याची चार, शेवटी दोन्ही अंगठे एकदम. इथे घाई नको. पहिला ठसा बिघडला की आजी घाबरून बोट दाबून धरतात आणि रेषा पसरून ठसा आणखी बिघडतो. हलकं ठेवायचं, हलवायचं नाही. कोरडं वाटलं तर ओल्या रुमालाने पुसून पुन्हा. बोट नसेल किंवा ठसा उमटतच नसेल, तर ऑपरेटरने अपवाद म्हणून तशी नोंद करायची असते. ‘घर जाइए’ हे उत्तर मान्य करू नका, बुबुळांवर नोंदणी होते हे ठामपणे सांगा. बुबुळांसाठी चष्मा काढायचा, डोळे मोठे ठेवायचे. शेवटी फोटो.

ठशांच्या या पद्धतीला तशी दीड-पावणेदोनशेच वर्षं झाली. बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेलने १८५८ साली एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला, तिथून ही गोष्ट मार्गी लागली. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव यांना १८०३ मध्ये इंग्रजांनी सालीना सात लाखांचं पेन्शन ठरवलं, तेव्हा हयातीसाठी अंगठा टेकवावा लागला नव्हता.

उठण्याआधी पडदा तुमच्याकडे वळवायला सांगा. इथे कार्डावरची दुसरी भाषा हिंदी असते, आणि इंग्रजी अक्षरांवरून आपोआप लिहिताना ‘काळे’चं ‘काले’ होतं, ‘पळसुले’चं ‘पलसुले’. नावाचा बदल करत असाल तर जागच्या जागी ळ लिहायला सांगा. नंतरच्या दुरुस्तीला पुन्हा पैसे आणि पुन्हा फेरी. मोबाइल नंबरही वाचून घ्या. तो पुण्यात राहणाऱ्या नातवाचा असला तर आजींचे सगळे ओटीपी तिकडेच जातात.

पावतीवर १४ आकडी नोंदणी क्रमांक आणि तारीख-वेळ असते, ती जपा; त्यावरूनच काम कुठवर आलं ते कळतं. बदल नोंदला गेला की रेशनच्या दुकानात एकदा बोट लावून पाहा. दहा बोटांत कुठलं नीट चालतं ते लक्षात ठेवा, सगळीच सारखी झिजलेली नसतात. चंदन उगाळणाऱ्या हातापेक्षा दुसरा हात बरा निघतो. तरीही अडलं तर हयातीच्या दाखल्याला बोटांचा नाद सोडा, मोबाइलवर चेहरा दाखवून तो काढता येतो.