फेब्रुवारीत तीनशे का कापतात?
समाजकल्याण धोरण आणि प्रोग्रॅमिंग एकत्र शिकू पाहणाऱ्या मुलांसाठी, आणि त्यांच्या पालकांसाठी

बारावीचा निकाल लागला की माझ्या टेबलासमोर तिघं येऊन बसतात. एक विद्यार्थी, एक बोलणारा पालक आणि एक न बोलणारा पालक. मध्यंतरी आलेल्या घरात बोलणारे वडील होते. एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. मुलगी कला शाखेची, गुण चांगले. तिला समाजकल्याणाची धोरणं शिकायची होती आणि जोडीला प्रोग्रॅमिंगचा पेपर घ्यायचा होता.

"सर, तिला एक काय ते धरायला सांगा," वडील म्हणाले. "समाजसेवा करायची तर कॉम्प्युटर कशाला? आणि कॉम्प्युटरच करायचा तर सरळ बीसीए करू दे. दोन्ही डगरींवर हात ठेवून कुणाचं भलं झालंय?"

मी त्यांना म्हटलं, "तुमची पगाराची स्लिप आहे का मोबाइलमध्ये?" होती. त्यात प्रोफेशन टॅक्सची ओळ होती, २०० रुपये. "आणि फेब्रुवारीत?" मी विचारलं.

"तीनशे. दरवर्षी कापतात. का, ते काही माहीत नाही."

मुलीला म्हटलं, आपण आता याचंच उत्तर शोधू.

एका ओळीत दोन विषय

हा व्यवसाय कर महाराष्ट्राने १९७५च्या कायद्याने लावला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायच्या कामावर होती. मागेल त्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी आहे, हा विचार वि. स. पागे यांनी लावून धरला होता. त्याचा १९७७मध्ये राज्यात कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. पुढे २००५मध्ये देशभरासाठी जो रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. पण हमी द्यायची तर पैसा हवा. तो शहरातल्या पगारदारांकडून थोडा थोडा घ्यायचा आणि गावातल्या मजुरापर्यंत पोहोचवायचा, असं ठरलं. स्लिपवरच्या त्या ओळीला एवढा इतिहास आहे.

मग फेब्रुवारीत तीनशे का? राज्यघटनेच्या कलम २७६नुसार हा कर एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. दरमहा २०० म्हणजे वर्षाचे २,४००. मर्यादेपर्यंत जायचं तर आणखी १०० हवेत. ते फेब्रुवारीच्या पगारातून जातात.

आता हाच नियम कॉम्प्युटरला सांगायचा आहे असं समजा. मी कागदावर लिहिलं:

जर पगार ७,५०० रुपयांपर्यंत असेल, तर कर शून्य.
नाहीतर, पगार १०,००० पर्यंत असेल, तर १७५.
नाहीतर, महिना फेब्रुवारी असेल तर ३००, एरवी २००.
आणि कर्मचारी महिला असेल, तर २५,००० पर्यंत शून्य.

पायथॉन या भाषेत हा प्रोग्रॅम दहा-बारा ओळींचा होतो. विद्यापीठातल्या प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या पेपरात साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एवढं यायला लागतं. पण लिहायला बसलं की यंत्र लगेच अडवतं. पगार नेमका १०,००० असेल तर? 'पर्यंत'मध्ये तो धरायचा की नाही? यंत्राला 'साधारण' कळत नाही, त्याला हो किंवा नाही हवं. उत्तर मात्र यंत्राकडे नाही, कायद्यात आहे. १०,०००ला १७५, त्यावर एक रुपया गेला की २००. शिवाय माझ्या कागदावरची शेवटची ओळ खरं तर सगळ्यात आधी तपासायला हवी. ती शेवटी ठेवली, तर बाईंचा कर वरच्याच ओळीत कापून झालेला असेल.

मुलगी कागदाकडे बघत होती. म्हणाली, "म्हणजे एखाद्या बाईंचा पगार २५,००० आहे आणि एक रुपयाने वाढला, तर वर्षाला अडीच हजार जाणार?"

वडील गप्प झाले. जी मुलगी पाच मिनिटांत हे पकडते, तिच्या बाबतीत डगरी दोन नाहीतच. नियम वाचणं आणि नियम चालवून बघणं हे एकाच कामाचे दोन हात आहेत.

धोरण शिकायचं म्हणजे काय

समाजकल्याण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ब्लँकेटवाटप येतं. विद्यापीठातला विषय वेगळा आहे. कुठलीही योजना घेतली की त्यात चार प्रश्न विचारायला शिकवतात: कोणाला द्यायचं, काय द्यायचं, कोणाच्या हातून द्यायचं आणि पैसा कुठून आणायचा. रोजगार हमीत 'कोणाला' याचं उत्तर सुंदर आहे. अंगमेहनतीचं काम मागायला येईल त्या प्रौढ ग्रामस्थाला. गरिबीचा दाखला मागायची गरज नाही, कारण गरज नसलेला माणूस उन्हात माती उचलायला येणार नाही.

बहुतेक योजनांत असं नसतं. तिथे उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. सेतू केंद्रातून अर्ज जातो आणि 'त्रुटी' असा शेरा मारून परत येतो. कधी त्रुटी एवढीच असते की रेशनकार्डावर 'सुनिता' आहे आणि बँकेत 'सुनीता'. बाई एकच, पण मशीनच्या दृष्टीने दोघी. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला त्या बाईची अडचण कळते, कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याला दोन नावं का जुळली नाहीत ते कळतं. दोन्ही कळणारा माणूस विचारतो, की ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकावर अर्ज थेट नाकारायचा, की माणसाकडे तपासायला पाठवायचा?

२६ने भागलं, एवढंच झालं

हा प्रश्न न विचारल्याने काय होतं, त्याचं उदाहरण ऑस्ट्रेलियात घडलं. बेरोजगार आणि विद्यार्थ्यांना तिथे सरकारी भत्ता मिळतो. तो दर पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो. २०१५नंतर सरकारने जादा भत्ता घेतलेल्यांना शोधण्याचं काम संगणकावर सोपवलं. संगणक कर खात्याकडून माणसाचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचा, त्याला २६ पंधरवड्यांनी भागायचा आणि आलेली सरासरी हीच त्याची दर पंधरवड्याची कमाई असं धरायचा.

समजा, एका मुलाने सहा महिने काम करून २६,००० डॉलर मिळवले. पुढचे सहा महिने काम नव्हतं, तेव्हा त्याने हक्काचा भत्ता घेतला. संगणकाच्या लेखी तो वर्षभर दर पंधरवड्याला १,००० डॉलर कमावत होता, म्हणजे भत्ता खोटं सांगून घेतला. निघाली वसुलीची नोटीस. चूक नाही हे सिद्ध करायची जबाबदारीही त्याच्यावरच. चार लाखांहून अधिक लोकांवर अशी बेकायदा कर्जं लादली गेली. २०१९मध्ये न्यायालयात ही पद्धत बेकायदा ठरली, पुढे पैसे परत करावे लागले आणि २०२३मध्ये चौकशी आयोगाने आपल्या अहवालात सरकारी यंत्रणेवर कडक ताशेरे ओढले. लोक त्याला 'रोबोडेट' म्हणतात.

भागाकारात चूक नव्हती. हंगामी काम करणाऱ्याची कमाई सारखी नसते, हे ज्याला माहीत आहे असा माणूस त्या ओळीपाशी बसवून त्याचं ऐकायला हवं होतं. ऊसतोडणीच्या हंगामावर घर चालतं ते पाहिलेल्या बीडच्या मुलाला हे शिकवावंही लागणार नाही. त्याने फक्त ती ओळ वाचायला शिकलं पाहिजे.

कुठे आणि कसं शिकायचं

पदवीसाठी सोपा रस्ता असा: समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा समाजकार्य हा मुख्य विषय घ्या. नव्या शैक्षणिक धोरणात मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह आहेत, त्यात प्रोग्रॅमिंग किंवा डेटा विश्लेषण बसवा. प्रवेशाआधी कॉलेजात एक प्रश्न जरूर विचारा: कला शाखेच्या मुलाला हा पेपर खरोखर मिळतो का, की फक्त माहितीपत्रकात छापलाय? मिळत नसेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर किंवा केंद्र सरकारच्या 'स्वयम्'वर मोफत शिकता येतं. मनाची तयारी असेल तर आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम आहे. त्याला बारावीची कुठलीही शाखा चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी लागतं.

पदव्युत्तर शिक्षणासाठी महाराष्ट्रात जुनी, भक्कम घरं आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६पासून मुंबईत आहे, तिचा ग्रामीण परिसर तुळजापूरला. मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था. अर्थशास्त्राकडून यायचं तर १९३०मध्ये स्थापन झालेली पुण्याची गोखले संस्था. आयआयटी मुंबईतही सार्वजनिक धोरणाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. प्रवेश परीक्षांचे नियम बदलत राहतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या सिनियरवर विसंबू नका, संस्थेची चालू वर्षाची सूचना वाचा.

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) आणि सार्वजनिक धोरण यातला फरकही समजून घ्या. एमएसडब्ल्यूत फील्डवर्क असतं. वस्तीत, रुग्णालयात, बालगृहात जायचं, माणसांशी बोलायचं आणि त्याचा अहवाल लिहायचा. धोरणाच्या अभ्यासक्रमात अर्थसंकल्प, कायदा आणि संख्याशास्त्राचा भार जास्त. माणसांत बसल्याशिवाय करमत नसेल तर पहिला, कागद चाळायला आवडत असेल तर दुसरा. प्रोग्रॅमिंग दोन्हीकडे उपयोगी पडतं.

नोकरीचं काय?

काही पदं थेट आहेत. समाजकल्याण अधिकारी आणि महिला व बालविकास विभागातली पदं एमपीएससीमार्फत भरली जातात. सरकारी रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक असतात. मोठ्या कारखान्यात कायद्याने कल्याण अधिकारी नेमावा लागतो. (इथे वडिलांनी मान हलवली. त्यांच्या कारखान्यातले 'वेल्फेअरवाले साहेब' त्यांना आठवले.) पदवीनंतर थोडा अनुभव गाठीशी असेल तर राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप आहे.

जोडविषयाचा खरा फायदा मिळतो तो संस्थांमध्ये. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. खर्च झाला की 'परिणाम काय झाला?' असा प्रश्न येतो. सर्वेक्षण आखणं, आकडे स्वच्छ करणं, कोणती वस्ती सुटली ते शोधणं, या कामाला तिथे 'एम अँड ई' म्हणतात. फील्ड कळणारा आणि डेटा हाताळणारा असा एकच माणूस मिळाला तर संस्थांना तो हवाच असतो.

आता कडू भाग. प्रोग्रॅमिंगचा एक पेपर शिकून कुणी सॉफ्टवेअर इंजिनिअर होत नाही, आणि सुरुवातीचा पगारही आयटीतल्या मोठ्या पॅकेजसारखा नसतो. अनेक नोकऱ्या प्रकल्पापुरत्या, कराराच्या असतात. म्हणून कॉलेजला सर्वांत मोठं पॅकेज विचारू नका. सगळ्या मुलांचे पगार ओळीने लावले तर मधल्या मुलाला किती मिळतो, ते विचारा. आणि किती मुलांना वर्षभरानंतरही नोकरी होती, तेही.

पालकांचे दोन नेहमीचे प्रश्न

*गणित कच्चं आहे, जमेल का?* पहिल्या पेपराला दहावीचं अंकगणित आणि चिकाटी पुरते. प्रोग्रॅम दहादा अडतो, अकराव्यांदा चालतो. संख्याशास्त्र मात्र पुढे टाळता येणार नाही, ते पदवीतच उरकून घ्यावं.

*एआय सगळं लिहितंय, मग शिकायचं कशाला?* एआयला प्रोफेशन टॅक्सचा प्रोग्रॅम मागा, क्षणात देईल. त्यात फेब्रुवारी आहे का, महिलांची २५,०००ची मर्यादा धरलीय का, हे कोण बघणार? ज्याला ओळ वाचता येते आणि कायदाही माहीत आहे, तोच. लिहिणं स्वस्त झालं की तपासणाऱ्याची गरज वाढते.

निर्णयाआधी एक गृहपाठ

त्या मुलीला मी जे दिलं, तेच तुम्हालाही देतो. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी लाभ घेतलेल्या एका योजनेचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, काढा. लाडकी बहीण घ्या. दरमहा १,५०० रुपये, वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. त्याचे निकष वहीत मराठीतच 'जर-तर'मध्ये लिहा. मग गल्लीतल्या दहा घरांना ते लावून बघा. नवऱ्यापासून वेगळी राहणारी, पण कागदावर न सुटलेली बाई कोणत्या कुटुंबात मोजायची? अडीच लाखांच्या वर हजार रुपये असलेल्या घराचं काय?

हे करताना कंटाळा आला तर दुसरा रस्ता शोधा, त्यात कमीपणा काहीच नाही. पण एखाद्या घरापाशी पेन्सिल थांबली आणि 'हा नियम असा का?' हा प्रश्न जेवतानाही डोक्यात राहिला, तर हा विषय तुमचा आहे.

ती मुलगी आठवड्याने वही घेऊन आली. दहा घरांपैकी तीन घरांपुढे तिने प्रश्नचिन्ह काढलं होतं. वडील या वेळी न बोलणारे पालक झाले होते. निघताना एवढंच म्हणाले, "सर, या फेब्रुवारीत आमच्या अकाउंटवाल्यालाच विचारणार आहे, तीनशे का ते. बघू त्याला तरी माहीत आहे का."