दही, प्रोबायोटिक आणि डब्यावरचे नाव



रात्री कोमट दुधात विरजण (इथल्या हिंदीत जामन) लावले की सकाळी दही तयार होते. हे काम जीवाणूंचे. मग बाजारात 'प्रोबायोटिक' म्हणून मिळणारे दही वेगळे कसे? ते आज समजून घेऊ या.

व्याख्या : पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्यास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. ही व्याख्या २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी केली. घरच्या दह्यात जीवाणू जिवंत असतात, पण कोणते व किती हे मोजलेले नसते. ते दही पौष्टिकच आहे. फक्त त्याला हे नाव लावता येत नाही.

पूर्ण नाव : वर्गात एकाच नावाची दोन मुले असली तर आम्ही हजेरी क्रमांक पाहतो. जीवाणूंचेही तसेच. 'लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी' यात पहिला शब्द प्रजातीचा (जीनस), दुसरा जातीचा आणि 'जीजी' हा वाणाचा. २०२० मध्ये याचे प्रजातीनाव बदलून लॅक्टिकेसिबॅसिलस झाले, पण जीजी तोच राहिला. लाभ व सुरक्षितता वाणावर ठरते. एक वाण चांगला म्हणून त्याचे सर्व भाऊबंद चांगले, असे मानू नये.

नियम : आपल्याकडे २०११ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व जैवतंत्रज्ञान विभागाने मार्गदर्शक तत्त्वे दिली. वाणाची ओळख पटवावी आणि प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण त्याच्याकडून इतर जंतूंकडे जाणार नाही, हे तपासावे असे त्यांत आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ च्या नियमांत रोजच्या मात्रेत साधारणपणे किमान १० कोटी जिवंत जीवाणू हवेत असे ठरवले.

सावधानता : निरोगी माणसाला हे जीवाणू सहसा अपाय करीत नाहीत. परंतु २०२३ मध्ये अमेरिकेत, जन्मतः एक किलोपेक्षा कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाचा प्रोबायोटिकमधल्याच जीवाणूच्या रक्तसंसर्गाने मृत्यू झाला. तेथील औषध प्रशासनाने डॉक्टरांना इशारा दिला. म्हणून अशा बाळाला, तसेच गंभीर आजारी किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या व्यक्तीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिक देऊ नये, अशी आमची पालकांना विनंती आहे.

गृहपाठ : दुकानात एखादा प्रोबायोटिक डबा पाहा. जीवाणूचे पूर्ण नाव, संख्या, साठवणुकीची सूचना आणि मुदत वहीत उतरवा. यांतले काय सापडले नाही, तेही लिहा.