बुजगावण्याला न भिणारे कावळे

प्रश्न : मक्याचे कोंब कावळे उपटतात; बंदूक दिसताच उडतात, बुजगावण्यावर मात्र खुशाल बसतात. त्यांची शिकार कशी साधावी?

उत्तर : कोंब उपसून मुळाशी चिकटलेला दाणा तेवढा खावा आणि हिरवे पाते सरीत टाकून द्यावे, ही कावळ्याची रीत मी पाहिली असल्याने आपली कैफियत मला रास्त वाटते, परंतु 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ज्या पाचव्या परिशिष्टात तो उपद्रवी गणला जाई, ते 2022 च्या दुरुस्तीने रद्द झाले असल्यामुळे शिकारीचा विचार सोडावा. शिवाय सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील जॉन मार्झलफ यांनी 2006 साली एक मुखवटा चढवून सात कावळे पकडले व सोडले, त्यानंतर तो मुखवटा कोणीही धारण केला तरी कावळे वर्षानुवर्षे त्याच्यावर कलकलाट करीत राहिले, आणि जे कधी पकडले गेलेच नव्हते तेही त्यात सामील झाले. अशा स्मरणशील प्रतिपक्षापुढे एकच युक्ती फार दिवस टिकत नाही. म्हणून बुजगावण्याची जागा व वस्त्रे दर दोन-तीन दिवसांनी पालटावीत, चकाकत्या फिती वाऱ्यावर सळसळतील अशा ताणाव्यात, आणि रोपे मूळ धरीपर्यंत पहाटेची राखण जातीने करावी. हा बंदोबस्त पेरणीच्याच दिवशी सुरू करा.