एक ब्रास वाळू, हजार लिटर पाणी

आमच्या गावची विहीर येरळा नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोरं काठावरून सूर मारायचो. गेल्या मे महिन्यात घरी गेलो तेव्हा तळाचा खडक दिसत होता. मी म्हटलं, "आजोबा, पाणी कुठं गेलं?" ते म्हणाले, "पाणी न्हाई गेलं बाबा, वाळू गेली." तेव्हा अर्थ कळला नाही. कळला तो सॉईल मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये, चाळण्या हलवताना.

मित्रांनो, हा हिशोब पेपरात येणार नाही, पण करून बघा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. नदीच्या वाळूत कणांमधली पोकळी ३५ टक्के धरा. गुणाकार केला की जवळपास १ घनमीटर येतो, म्हणजेच हजार लिटर! एक ब्रास वाळू उचलली की हजार लिटर पाणी मुरवून ठेवायची जागा गेली. यातलं काही पाणी कणांना चिकटून राहतं, सगळं उपसता येत नाही, हे मान्य. पण ट्रॉलीमागून ट्रॉली भरते तेव्हा आपण नदीची टाकीच उचलून नेत असतो. शिवाय पात्र खोल गेलं की शेजारच्या विहिरींचं पाणी त्या खालच्या पातळीकडे ओढलं जातं. विहिरीला हात न लावता विहीर रिकामी होते.

मग कायदा काय करतो? आपल्या सातारा-सांगलीत त्याचे तीन नमुने बघायला मिळतात.

पहिला नमुना भिंतीचा. कोयना अभयारण्य १९८५ चं, चांदोली राष्ट्रीय उद्यान २००४ चं. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. इथे १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९८० चा वनसंवर्धन कायदा, दोन्ही आडवे येतात. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्यानं व अभयारण्यांच्या आत आणि हद्दीपासून १ किलोमीटरपर्यंत खाणकाम चालणार नाही, असं स्पष्ट केलं.

दुसरा नमुना कुंपणाचा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तिथे माणसं राहतात, शेती करतात, हॉटेलं चालवतात. पण खाणीला बंदी. असंच कुंपण पूर्ण पश्चिम घाटाला घालायचा प्रयत्न चालला. माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन गटाचा २०१३ चा. दोघांच्या मतांत बरंच अंतर, पण संवेदनशील भागात खाणी नकोत यावर दोघांचाही भर. मात्र २०१४ ते २०२४ या काळात अधिसूचनेचे एकामागून एक सहा मसुदे निघाले. आपलं जर्नल सहा वेळा 'रिपीट' झालं असतं तर सरांनी वर्गाबाहेर काढलं असतं!

तिसरा नमुना परवान्याचा, आणि आमची येरळा त्यात येते. साधी वाळू म्हणजे 'गौण खनिज'. १९५७ च्या खनिज कायद्याने तिचे नियम करायचा अधिकार राज्याला दिला. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. चोरून उपसा केला तर जमीन महसूल संहितेनुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. कागदावर सगळं आहे. पण जंगलाला हद्दीचे दगड असतात. नदीच्या तळाला कोण दगड रोवणार? किती वाळू होती हेच मोजलेलं नसेल तर किती गेली हे कसं सिद्ध करणार?

या प्रश्नाला आपल्याच जिल्ह्यात एकदा उत्तर मिळालं होतं. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यातल्या बलवडीच्या आणि शेजारच्या तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेतला ठेकेदारांचा वाळूउपसा अडवला. मुक्ती संघर्ष चळवळ आणि डॉ. भारत पाटणकर त्यांच्यासोबत होते, के. आर. दाते यांच्यासारखे अभियंतेही होते. गावकऱ्यांचं म्हणणं सरळ होतं: नदी आमची, वाळूवर पहिला हक्क आमचा. मर्यादित वाळू विकून त्यांनी पैसा उभा केला आणि श्रमदानाची जोड देऊन बळीराजा स्मृती धरण बांधलं. पाणीवाटपाचं तत्त्वही ठरवलं: भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला समान हक्क. म्हणजे त्यांनी वाळूला हात लावायचाच नाही असं म्हटलं नाही. किती काढायची आणि कशासाठी, हे गावाने ठरवायचं, एवढंच म्हटलं.

इथे एक गोष्ट लपवली तर हा लेख खोटा ठरेल. आमच्या घरच्या ट्रॅक्टरनेही एक सीझन रात्रीची वाळू ओढली आहे. माझी पहिल्या वर्षाची फी त्या पैशातून भरली. आजोबांना हे ठाऊक आहे. म्हणून तर त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही, नुसतं "वाळू गेली" म्हणाले. हॉस्टेलवर ट्रॅक्टरवाल्यांना शिव्या देणं सोपं आहे. त्यातली एक मला बसते.

केंद्राच्या २०१६ आणि २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पावसाळ्यात नदीत नवी वाळू किती येते ते मोजा आणि त्या अंदाजानेच उपशाला परवानगी द्या. मोजायचं म्हणजे काय? पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पात्राचे क्रॉस-सेक्शन घ्यायचे. ऑटो लेव्हल, स्टाफ, टेप आणि चार पोरं. हे तर आपण सर्व्हे कॅम्पला दरवर्षी करतो, तेही रिकाम्या माळावर, नुसत्या मार्कांसाठी!

यंदाचा कॅम्प नदीत घ्यावा, अशी आमच्या विभागातल्या सरांना विनंती केली आहे. आलेले आकडे ग्रामसभेत वाचून दाखवायचे. जिच्या तळाची नोंद आहे, त्या नदीची चोरी निदान पकडता येते. पहिली लेव्हल आमच्या विहिरीजवळ लावायची आहे. स्टाफ धरायला आजोबा येतो म्हणालेत.