ज्वारीची पात आणि घरगुती इलाज

फाल्गुनात मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी उपटताना आमच्या मामांच्या डोळ्यास वाळल्या पातीचा निसटता फटका बसला, तेव्हा त्या दुखापतीची कोणी फारशी दखल घेतली नाही. डोळा लाल झाला, पाणी गळू लागले, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या दस्तुराप्रमाणे प्रथम बाळंतिणीच्या अंगावरचे दूध व पुढे मध घातला. त्यांना सोलापुरास आणले, तोवर बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढुरका व्रण उठला होता आणि उजेड असह्य झाला होता. डॉक्टरांनी व्रण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तो बुरशीचा निघाला. नॅटामायसिनचे थेंब तासातासाला घालून कित्येक आठवड्यांनी तो भरला, परंतु डोळ्यात फूल पडले ते पडलेच.

बुबुळाचा वरचा पापुद्रा अखंड असेतोवर बुरशीचा शिरकाव सहसा होत नाही. पातीने तो खरचटला, की फ्युझेरियम, अ‍ॅस्परजिलस यांसारख्या बुरशीच्या जातींना आत वाट मिळते, आणि अशा उघड्या जखमेत घरचे दूध वा मध घालणे म्हणजे जंतूंची आणखी भर घालणे होय. दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब तर त्याहून घातक: लाली तेवढी उतरते आणि बुरशी आत फोफावते.

एवढ्यावरून परंपरा सर्वथा त्याज्य, असे मी मानीत नाही. दारुहळदीतील बर्बेरिन या द्रव्याचा जंतुनाशक गुण प्रयोगशाळेत सिद्ध झाला आहे, खुपऱ्यांवर त्याच्या थेंबांच्या चाचण्याही झाल्या आहेत. त्रिफळ्याविषयीचा पुरावा मात्र अद्याप बहुतांशी प्रयोगशाळेतलाच आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग वर्णिले असून आश्च्योतन (डोळ्यात औषधी थेंब सोडणे), अंजन आदी क्रियांचे काळ, मात्रा आणि निषेध सांगितले आहेत. फडताळातील बरणीत बोट बुडवून ते डोळ्यात फिरविण्यास त्या शास्त्राचा दाखला देता येणार नाही.

सोलापूरच्या उन्हाधुळीने डोळे नुसते चुरचुरत असतील, तर मिटल्या पापण्यांवर गार पाण्याची स्वच्छ घडी खुशाल ठेवावी. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी रुईची पाने तोडताना चीक डोळ्यात गेला, तर तो फारसा दुखत नाही म्हणून गाफील राहू नये, कारण बुबुळाच्या आतल्या थरास इजा होऊन काही तासांनी नजर धूसर होते. भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन तडक डॉक्टर गाठावा. आणि पात, कुसळ वा काडी लागली असेल, तर डोळा न चोळता, त्यात कसलाही रस, दूध वा मध न घालता, सुगी खोळंबली तरी बेहत्तर, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.